डॉल्फिन मादीचे ऋतुचक्र



गाय माजावर आली हे मावळातल्या शेतकऱ्याला सांगावयास पशुवैद्य लागत नाही. ती हंबरते, चारा टाकते, दुसऱ्या गाईवर चढू पाहते. ही वेळ हुकली तर २१ दिवसांनी पुन्हा येईल, हा हिशेब घरातल्या पोरालाही ठाऊक असतो. आपण हर्णैला किंवा तारकर्लीला होडीतून डॉल्फिन पाहतो. तोही दूध पाजणाराच प्राणी. पण त्याच्या मादीचा माज डोळ्यांना दिसत नाही.

फ्लॉरिडात १९३८ साली ‘मरीन स्टुडिओज’ हे मत्स्यालय उघडले. तेथे १९४७ साली ‘स्प्रे’ नावाचे पिल्लू जन्मले आणि जगले. बंदिवासात जन्मून जगलेले हे पहिले डॉल्फिन. मॅकब्राइड व क्रिट्झलर यांनी १९५१ मध्ये तेथील बाळंतपणांचे बारकाईने वर्णन छापले. पिल्लू शेपटीकडून बाहेर येते, गर्भ सुमारे वर्षभर वाढतो, हे काचेआडून पाहता आले. परंतु गर्भ राहण्याची वेळ कोणती, ते काचेतून कसे दिसावे? तोवरचे ज्ञान बहुतेक मेलेल्या माद्यांकडून आलेले होते. त्यांचा बीजकोश कापून त्यावरचे व्रण मोजीत. प्रेताची जबानी, दुसरे काय!

प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक १९३४ साली शुद्ध रूपात मिळाले होते. पण थेंबभर रक्तातली त्याची सूक्ष्म मात्रा मोजण्याचा मार्ग मोकळा झाला तो यालो आणि बर्सन यांनी १९६० च्या सुमारास पुढे आणलेल्या किरणोत्सर्गी मापनपद्धतीमुळे. यालोबाईंना १९७७ मध्ये नोबेल मिळाले. डॉल्फिनना शेपूट पुढे करून रक्त देण्यास, पुढे तर लघवीचा नमुना देण्यासही शिकविण्यात आले. तरी फसगत होईच. प्रोजेस्टेरॉन चढले म्हणजे गर्भ आहेच असे नव्हे. खोट्या गर्भारपणातही ते महिनोन्‌महिने चढलेले राहते. अखेर लघवीतील संप्रेरकाची उसळी आणि सोनोग्राफीत दिसणारी वाढती बीजपुटिका यांची सांगड घातली गेली. हाँगकाँगला फियोना ब्रुक यांनी या कामात मोठी वाट पाडली. चक्र साधारण ३६ दिवसांचे असल्याचे दिसले. तेही वर्षभर अखंड चालत नाही. हाँगकाँगच्याच ‘ओशन पार्क’मध्ये २००१ साली कृत्रिम रेतनाने पिल्ले जन्मली.

आता समुद्रातून डॉल्फिन पकडावयास नकोत, असे मत्स्यालयांचे वकील म्हणू लागले. हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. टाकीत जन्मलेल्या जिवालाही टाकीच मिळते. आपल्या देशात चेन्नईजवळ बल्गेरियाहून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच मेले. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने १७ मे २०१३ च्या परिपत्रकाने देशात डॉल्फिनगृहांना परवानगी देऊ नये असे ठरविले. मला तो निर्णय योग्य वाटतो.

तथापि त्या बंदिवान माद्यांचे ऋण नाकारता येणार नाही. आज समुद्रात मोकळ्या फिरणाऱ्या मादीच्या कातडीखालील चरबीचा नखाएवढा तुकडा बाणाने काढतात आणि त्यातील प्रोजेस्टेरॉन मोजून ती गाभण आहे का, याचा अंदाज बांधतात. कळपातल्या किती माद्या गाभण आहेत हे कळले, की कळप वाढतो आहे की खुंटतो आहे याचा तर्क करता येतो. चरबीतला तो आकडा वाचावयाचा कसा, हे ताडून पाहताना जिचा इतिहास नोंदलेला आहे अशी टाकीतली मादीच उपयोगी पडते.