पॉवर स्टेअरिंग, विजेवरचे : जुन्या गाडीतील जोडणी

एका गाडीतले विजेवर चालणारे पॉवर स्टेअरिंग काढून ते मूळच्या साध्या स्टेअरिंगच्या गाडीत बसवण्याचे काम. जोडणीनंतर चाक फिरवण्याचा बराचसा जोर एक छोटी मोटर लावते. पुढची चाके वळवणारा यांत्रिक दुवा मात्र शाबूत राहतो. त्यामुळे वीज गेली तरी गाडी वळते, फक्त स्टेअरिंग जड होते.

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर धावत्या गाडीचे साधे स्टेअरिंगही हलकेच लागते. कस लागतो तो डोंबिवलीतल्या सोसायटीत, दोन खांबांच्या मधल्या जागेत गाडी घालताना. उभ्या गाडीचे टायर जमिनीवर घासत वळतात आणि सगळा भार चालकाच्या खांद्यांवर येतो.

अशा साध्या स्टेअरिंगची मारुती ८०० घरोघरची. विजेवरचे पॉवर स्टेअरिंग सर्वप्रथम १९८८ मध्ये जपानमधील सुझुकीच्या सर्वो या चिमुकल्या गाडीत आले. पण सुझुकीच्याच घराण्यातली मारुती ८०० डिसेंबर १९८३ पासून जानेवारी २०१४ पर्यंत बनत राहिली, ती पॉवर स्टेअरिंगविनाच. वजनाला हलकी आणि १२ इंची चाकांची असल्याने तिचे निभावले.

कॉलमवर, म्हणजे स्टेअरिंगच्या दांड्याच्या संचावर, बसवलेल्या प्रकारात दांड्यात एक बारीक सळई असते. चाक फिरवताना ती किंचित पिळली जाते. टॉर्क सेन्सर तो पीळ मोजतो, कंट्रोल युनिट मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवते आणि मोटर वर्म गियरमार्फत दांड्याला हातभार लावते. गाडी उभी असताना मदत भरपूर, वेग वाढेल तशी कमी. पूर्वीच्या हायड्रॉलिक पद्धतीसारखा इंजिनवरचा पंप, तेल आणि नळ्या यात लागत नाहीत. सारा संच डॅशबोर्डखाली मावतो. म्हणूनच दुसऱ्या गाडीत बसवायला हा प्रकार सोयीचा.

मारुती ८०० साठी अल्टो किंवा वॅगन आरचा कॉलम शोधला जातो. कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात कॉलम, कंट्रोल युनिट आणि वायरिंग एकाच गाडीचे घ्यावे लागते. कॉलम अपघातग्रस्त गाडीचा असेल, तर आणखी एक तपासणी हवी. धडकेत चालकाच्या छातीला इजा होऊ नये म्हणून आधुनिक कॉलम दबून आखूड होतो. एकदा दबलेला कॉलम पुन्हा वापरता येत नाही.

सर्वांत नाजूक काम खालच्या टोकाचे. नव्या कॉलमचे दाते आणि जुन्या रॅकचे, म्हणजे पुढची चाके वळवणाऱ्या यंत्रणेचे, दाते जुळले नाहीत, तर दांडा कापून जोडण्याचा मोह होतो. साध्या गॅरेजमधले असे वेल्डिंग तुटले, तर चाकांवरचा ताबाच जातो. दोन्ही बाजूंना नेमका बसणारा युनिव्हर्सल जॉइंट घडवून घेणे हाच सुरक्षित मार्ग. कॉलमचे ब्रॅकेटही भक्कम हवे, कारण मोटरचा उलटा जोर त्यावरच येतो. रॅक जुनाच राहत असल्याने चाकाचे फेरे पूर्वीइतकेच राहतात.

वायरिंगची अडचण वेगळी. केबलवरच्या स्पीडोमीटरच्या गाडीत वेगाचा विद्युत सिग्नलच नसतो. तो किंवा इंजिन चालू असल्याचा सिग्नल मिळाला नाही, तर काही युनिट मदत बंद ठेवतात आणि काही ठरावीक मदत देत राहतात. २००० साली युरोपात आलेल्या कोर्सा गाडीच्या पिढीचा कॉलम ब्रिटनमधील जुन्या गाड्यांच्या शौकिनांत लोकप्रिय झाला तो या दुसऱ्या गुणामुळे. मात्र वेग वाढूनही मदत तेवढीच राहिली, तर महामार्गावर स्टेअरिंग नको तितके हलके लागते. म्हणून वेगाचा सेन्सर किंवा मदत कमी-जास्त करणारा बटणाचा डबा जोडतात. उभ्या गाडीत पूर्ण वळण घेताना मोटर ३० अँपिअरहून अधिक करंट ओढू शकते. त्यासाठी बॅटरीपासून स्वतंत्र जाड वायर, फ्यूज, चांगले अर्थिंग आणि पुरेसा अल्टरनेटर लागतो.

कायद्याची बाजू गॅरेजमध्ये क्वचितच निघते. गाडीतील फेरबदलांवर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चे बंधन आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते काटेकोरपणे लावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगीबाहेरच्या फेरबदलासाठी मालकाला ६ महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरबदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणून काम सुरू करण्याआधी आरटीओकडे लेखी विचारणा करावी. एमएच-०४ च्या गाडीसाठी ठाण्यात, एमएच-०५ साठी कल्याणला. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरणासाठी येते, तेव्हा स्टेअरिंगही तपासले जाते. केंद्रीय मोटार वाहन नियम ९८ प्रमाणे स्टेअरिंगच्या चाकाचा प्ले (मोकळी हालचाल) ३० अंशांपेक्षा अधिक चालत नाही.