तळटीप २३ : ‘फोटोंतून उभं केलेलं जहाज’

२३. लेखक म्हणतात ते तंत्र म्हणजे फोटोग्रॅमेट्री. एकाच वस्तूचे हजारो फोटो निरनिराळ्या कोनांतून काढायचे; प्रत्येकात आधीच्या फोटोतला बराचसा भाग पुन्हा यायला हवा. मग संगणक सामाईक खुणा जुळवून त्रिमितीय प्रतिकृती उभी करतो. मापासाठी ठरावीक लांबीची पट्टी शेजारी ठेवतात. खोल समुद्रात ऊन पोचत नाही, म्हणून दिवे आणि कॅमेरे लावलेली दूरनियंत्रित यानं उतरवतात. २०२२मध्ये ‘टायटॅनिक’चं असंच चित्रण झालं : खोली सुमारे ३,८०० मीटर, फोटो सात लाखांवर.

विक्रोळीच्या खारफुटीपलीकडच्या खाडीत हा प्रयोग करण्याची लेखकाची हौस मात्र आम्हाला भाबडी वाटते. त्या गढूळ पाण्यात हातभर अंतरावरचं दिसत नाही. कॅमेऱ्यालाच दिसलं नाही तर संगणक जुळवणार काय? तिथे आवाजाचे पडसाद टिपणारं सोनारच बरं. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. तिथलं पावसाळी पाणीही याच जातीचं. (मागच्या आवृत्तीत हे साल १९४८ छापलं गेलं, चूक आमची.)

गोव्याजवळच्या सुंची खडकावर दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांना सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष सापडले : तोफा, हस्तिदंत आणि, लेखकाने गाळलेले, पाणघोड्याचे दात.