शंभराची अट : मुख्याध्यापकांचे संघ आणि मुलांचे उपक्रम

मंडळी, आजचा विषय वरवर कोरडा आहे. मुख्याध्यापक संघ म्हटलं की डोळ्यांपुढे निवेदनं, धरणं आणि वेतनश्रेणी येते. लोक विचारतात, हे एकत्र येतात ते स्वतःसाठी की मुलांसाठी? आम्हाला आज इतकंच दाखवायचं आहे की हे दोन प्रश्न इतिहासात कधी वेगळे नव्हते, आणि मेडशीसारख्या गावात तर ते वेगळे करताच येत नाहीत.

थोडं लांबून येऊ. 1869 साली इंग्लंडात अपिंगम शाळेचे मुख्याध्यापक एडवर्ड थ्रिंग यांनी इतर मुख्याध्यापकांना आपल्या शाळेत बोलावलं. नव्या कायद्यामुळे सरकार शाळांच्या कारभारात हात घालील, ही धास्ती होती. म्हणजे बैठक बचावासाठीच. पण याच थ्रिंगनी त्याच्या दहा वर्षं आधी, 1859 मध्ये, शाळेत व्यायामशाळा उभारली होती. संगीताला आणि हातकामाला त्यांनी जागा दिली. प्रत्येक मुलाला काही ना काही येतंच, हा त्यांचा आग्रह. अमेरिकेत माध्यमिक मुख्याध्यापकांची राष्ट्रीय संघटना 1916 ला झाली, आणि पाचच वर्षांत, 1921 ला, तिने गुणी विद्यार्थ्यांसाठी सन्मान संस्था काढली. पुढे विद्यार्थी परिषदांचं कामही तिच्याकडे आलं. स्वतःचं रक्षण आणि मुलांचे उपक्रम, दोन्ही एकाच छपराखाली.

आता आपल्या वऱ्हाडात येऊ. मेडशी मालेगाव तालुक्यात, अकोला–वाशीम रस्त्यावर. 1905 पर्यंत वाशीम स्वतंत्र जिल्हा होता, मग तो अकोल्यात गेला. 1956 पर्यंत आपण मध्य प्रदेशात, नंतर मुंबई राज्यात, 1960 पासून महाराष्ट्रात. 1 जुलै 1998 ला वाशीम पुन्हा जिल्हा झाला. परीक्षांचंही तेच. 1965 च्या कायद्याने राज्यभर एक मंडळ आलं, त्याआधी विदर्भाची व्यवस्था निराळी होती. गाव जागेवरच राहिलं, कचेऱ्या मात्र बदलत गेल्या. अशा वेळी खेड्यातल्या मुख्याध्यापकाला कोणता कागद कुठे द्यायचा, नवा नियम काय म्हणतो, हे सांगणारं माणूस लागतं. तालुक्याचा संघ, जिल्ह्याचा संघ आणि वर राज्याचं संयुक्त महामंडळ, ही साखळी त्या गरजेला धरून आहे.

याच साखळीवर उपक्रमही चालतात. अमरावतीला 1914 मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची सुरुवात झाली. 1936 ला त्यांचा चमू बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळ दाखवून आला. मैदानाचं वेड वऱ्हाडाला नवं नाही. पण एकट्या शाळेला सामने भरवता येत नाहीत. विज्ञान प्रदर्शन तालुक्याहून जिल्ह्याला आणि जिल्ह्याहून राज्याला जातं. त्यासाठी यजमान शाळा हवी, परीक्षक हवेत, मुलांच्या जेवणाची सोय हवी. शिक्षण विभाग पत्रक काढतो. पण कुणाचं मैदान, कुणाची खोली, कुणाची गाडी, हे मुख्याध्यापक बसून ठरवतात तेव्हाच ते पत्रक खरं होतं.

आता मुद्द्यावर येतो. 2009 चा शिक्षण हक्क कायदा काढून त्याची अनुसूची बघा. सहावी ते आठवीच्या वर्गांत मुलं शंभरावर असतील तर पूर्णवेळ मुख्याध्यापक मिळेल, असं तिथं म्हटलंय. आणि लगेच त्याच अटीखाली पुढची ओळ आहे: कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक. म्हणजे मुख्याध्यापकाचं पद आणि मुलांचं चित्र, खेळ, हातकाम, सगळं एकाच आकड्याला टांगलेलं आहे. गावातली चार कुटुंबं पोटासाठी पुण्याकडे गेली, पट 102 वरून 97 वर आला, की कायद्याने दोन्हींचा आधार एकदम सुटतो. मोठ्या शहरी शाळेला ही अट जाणवतही नाही. जिथं मुलांना शाळेबाहेर चित्रकलेचा वर्ग नाही की मैदानावर शिकवणारा नाही, नेमकी तिथंच ती लागते.

कुणी म्हणेल, आधी पद टिकू द्या, उपक्रमांचं मग बघू. हा युक्तिवाद व्यवहारी वाटतो, पण त्यात साध्य आणि साधन यांची अदलाबदल आहे. मुख्याध्यापक हवा तो कशासाठी? हजेरीपट आणि ऑनलाइन माहिती भरायला एखादा कारकूनही पुरतो. शाळेला प्रमुख लागतो तो शाळा म्हणजे पाठ्यपुस्तकाहून काही अधिक आहे म्हणून. ते अधिकच गेलं, तर पदाची बाजू मांडायची तरी कशावर?

म्हणून संघाच्या मंडळींना आमचं एक सांगणं आहे. पटाच्या अटीविरुद्ध निवेदन द्याल तेव्हा तालुक्यात किती पदं गेली एवढंच लिहू नका. किती शाळांत कलेचा निदेशक नाही, किती शाळांत खेळाचा नाही, हे गावागणिक मोजा आणि तो तक्ता पहिल्या पानावर लावा. पदाची मागणी दुसऱ्या पानावर येऊ द्या. मग गाव तुमच्यामागे उभं राहील, कारण पहिल्या पानावर त्याला आपलं पोर दिसेल.

इथं थांबतो. कुणाला काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.