यादी लागायच्या आधीची नर्स

१४ एप्रिल १९८४. कल्याणच्या कोळसेवाडीत जयंतीचा मंडप. बाबासाहेबांच्या फोटोशेजारी मला उभं केलं, गळ्यात हार घातला आणि माईकवरून पुकारलं, आपल्या वस्तीतली पहिली नर्सिंगची विद्यार्थिनी! मागं कापडी बॅनर. त्यावर माझं नाव आणि खाली लाल रंगात तेच शब्द. टाळ्या पडल्या. आई बायांच्या रांगेत बसून पदरानं डोळे पुसत होती.

खरं असं होतं की मी नुकतीच बारावीची परीक्षा देऊन मोकळी झाले होते. निकाल जूनमध्ये. नर्सिंगचे फॉर्म अजून निघालेही नव्हते. मंडळातल्या एका दादानं विचारलं होतं, पुढं काय? मी म्हटलं, नर्सिंग करणार. सांगत सांगत त्यातलं 'करणार' गळून पडलं आणि मीही ते परत घातलं नाही. गळ्यात हार असताना कोण घालतं?

जुलैत यादी लागली. खालून वर, वरून खाली तीनदा वाचली. माझं नाव नव्हतं.

दुसऱ्या वर्षी नाव लागलं, पुढं मी सरकारी नोकरीत नर्स म्हणून पूर्ण सेवा केली, ते असो. पण ते मधलं वर्ष माझ्या डोक्यातून गेलं नाही. नर्स कोणाला म्हणायचं आणि कधीपासून, हे कोण ठरवतं? हे शोधत गेले तेव्हा दिसलं की ह्या एका शब्दावरून शंभर-सव्वाशे वर्षं ओढाताण चाललेली आहे, आणि त्यात आपल्या बाया पहिल्यापासून आहेत. फक्त त्यांची नावं नाहीत.

माझी आई डोंबिवलीच्या एका खाजगी प्रसूतिगृहात आया होती. बाळंतिणीचं सगळं तिनं करायचं. भांडं द्यायचं, रक्ताचे कपडे धुवायचे, रात्री कळा सुरू झाल्या की डॉक्टर येईपर्यंत पाठ चोळत बसायचं. वस्तीत तिला 'नर्सबाई' म्हणत. दवाखान्यात ती 'मावशी'. आपल्याकडच्या दवाखान्यांत हे सगळीकडे असंच आहे बघा. पांढऱ्या कपड्यातली ती सिस्टर, झाडू-भांडंवाली ती मावशी, स्ट्रेचरवाला तो मामा. नाती सगळी घरचीच, पण पगार नात्याप्रमाणे.

त्याच्या मागं जा. गावात बाळंतपण करायला जी सुईण यायची ती बहुधा महार, मांग, न्हावी अशा जातीतली. नाळ कापणं विटाळाचं काम, म्हणून ते आपल्याकडं. बाळ हातात घेईपर्यंत ती चालायची. बारशाला तिची जागा उंबऱ्याबाहेर. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घालून यशवंताच्या दवाखान्यात नेलं, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. शुश्रूषेचा इतिहास सांगताना पाठ्यपुस्तक फ्लॉरेन्स नाइटिंगेलपाशी सुरू होतं. माझ्या तीन वर्षांच्या शिक्षणात सावित्रीबाईंचं नाव एकाही तासाला आलं नाही.

नाइटिंगेलबाईंचं श्रेय मी नाकारत नाही. १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांची शाळा निघाली. तिथं येणाऱ्या मुलीला आल्या आल्या नर्स म्हणत नसत. ती प्रोबेशनर, म्हणजे पारखायला ठेवलेली. हीच पद्धत आपल्याकडे आली. आम्ही प्रवेश घेतल्यावरसुद्धा सुरुवातीचे महिने डोकं उघडंच होतं. मग कॅपिंगचा समारंभ, हातात दिवा, डोक्यावर टोपी. आज टोपी बऱ्याच ठिकाणी गेली, पण तेव्हा टोपी नसलेल्या पोरीला पेशंटसुद्धा ओळखायचे की ही अजून कच्ची आहे. त्यात अपमान वाटायचा. आता वाटतं, ती पेशंटची सोय होती.

मुंबईत जे.जे. रुग्णालयात १८८६ च्या सुमारास नर्सिंगचं रीतसर शिक्षण सुरू झालं. १८९१ साली शिकायला आलेली पहिली हिंदी बाई म्हणून पाठ्यपुस्तकं बाई काशीबाई गणपत हे नाव देतात आणि एका ओळीत तिला उरकतात. त्या काळात ह्या धंद्यात यायच्या त्या युरोपियन, अँग्लो-इंडियन, ख्रिस्ती, काही पारशी. सवर्णांच्या घरची मुलगी परक्या पुरुषाचं अंग पुसणार, भांडं उचलणार, हे त्यांना चालणारं नव्हतं. मिशनच्या दवाखान्यांनी, मिरजेसारख्या ठिकाणी, धर्मांतरित घरांतल्या मुलींना दार उघडलं. त्यांत आपल्यातून ख्रिस्ती झालेल्या मुलीही आल्या. म्हणजे काम तेच, विटाळाचं. फरक इतकाच पडला की त्याला शाळा, गणवेश आणि प्रमाणपत्र मिळालं.

मग नाव राखायचा कायदा आला. इंग्लंडमध्ये १९१९ साली, मद्रासमध्ये १९२६, आपल्या मुंबई इलाख्यात १९३५. नर्स, सुईण, हेल्थ व्हिजिटर ह्यांची नोंदवही सुरू झाली. १९४७ च्या कायद्यानं इंडियन नर्सिंग कौन्सिल, १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका अधिनियम, आणि ह्या सगळ्याची जागा घ्यायला संसदेनं २०२३ साली केलेला राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोगाचा कायदा. सार एकच. नोंदवहीत नाव नसताना नोंदलेली नर्स असल्याचं भासवणं गुन्हा. कायदा बरोबर आहे. पण हेही बघा, १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाप्रमाणे ह्या देशात ४३,००० माणसांमागं एक नर्स होती. इंग्लंडात ३०० माणसांमागं एक. मग बाकीच्या ४२,९९९ माणसांना पाणी कोण पाजत होतं, पू कोण पुसत होतं? नोंदवहीबाहेरच्या बाया.

पँथरच्या काळात आम्ही अमेरिकेतल्या काळ्या लोकांची उदाहरणं उठता-बसता द्यायचो. मेरी महोनीचं कुणी दिलं नाही, म्हणून मी देते. बोस्टनच्या एका बायकांच्या दवाखान्यात ही काळी बाई सुमारे १५ वर्षं स्वयंपाक, धुणं, साफसफाई करत राबली. त्यांच्या भाषेतली मावशीच. १८७८ साली, वयाच्या ३३ व्या वर्षी, त्याच दवाखान्याच्या नर्सिंग शाळेनं तिला विद्यार्थिनी म्हणून घेतलं आणि १८७९ साली ती अमेरिकेतली पहिली काळी प्रशिक्षित नर्स झाली. पंधरा वर्षं तिच्या हाताला काम येत होतं. नाव मात्र यादीत लागल्यावरच मिळालं.

आणि आमच्या कल्याणचंच एक उदाहरण. आनंदीबाई जोशी, जन्म १८६५. ब्राह्मणाची मुलगी. जयंतीच्या अंकात हिचं काय काम, असं कुणी म्हणेल. जरा थांबा. २४ फेब्रुवारी १८८३ ला कलकत्त्याजवळ सेरामपूरच्या कॉलेजात ती भर सभेत उठून म्हणाली की मी वैद्यक शिकायला अमेरिकेला जाणार. तेव्हा कुठल्याही कॉलेजात तिचा प्रवेश झालेला नव्हता. एप्रिलमध्ये बोटीत बसली, जूनमध्ये तिथं पोचली, आणि मग २८ जूनला पेनसिल्व्हेनियाच्या बायकांच्या मेडिकल कॉलेजला अर्जाचं पत्र लिहिलं. त्या पत्रात तिनं आपलं वय, आपण काय काय शिकलो ते लिहिलं आणि प्रवेशाच्या अटी आपण पुऱ्या करत नसू हेही लपवलं नाही. कॉलेजनं घेतलं. मार्च १८८६ मध्ये ती एम.डी. झाली.

दोन गोष्टी मी ह्यातून काढते. एक, सतरा वर्षांची पोर 'जाणार' म्हणाली, 'आहे' म्हणाली नाही. आणि दोन, तिच्या कमी पडणाऱ्या अटींकडं डोळेझाक करायला माणसं तयार होती. आपल्या पोरीचा फॉर्म एका झेरॉक्ससाठी खिडकीतून परत येतो. म्हणून तिला 'आहे' म्हणायचा मोह जास्त होतो, आणि पकडली गेली तर मारही जास्त बसतो.

आता माझं ते मधलं वर्ष. यादी हुकली तसं आईनं तिच्या ओळखीनं मला दुसऱ्या एका खाजगी दवाखान्यात चिकटवलं. आयाचा पगार. पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी पांढरी साडी दिली आणि पेशंटच्या नातेवाइकांसमोर मला 'सिस्टर' अशी हाक मारली. मला किती बरं वाटलं! महिन्याभरात इंजेक्शनं द्यायला लावली. कशी भरायची ते दाखवलं, कुठं द्यायची ते दाखवलं, का ते सांगितलं नाही. महिनाअखेर सही आयाच्या रजिस्टरवर. तेव्हा हिशेब कळला नाही, पुढं कळला. सिस्टर म्हणायला त्याला एक पैसा पडत नव्हता आणि खऱ्या सिस्टरचा पगार वाचत होता.

वस्तीत तर मी बॅनरवरची नर्सच. पावसात एका रात्री शेजारच्या काकांचा मुलगा आला. काकांना सणसणून ताप. दवाखान्यातून आणलेली सुई-बाटली माझ्याकडं होती. मी जाऊन इंजेक्शन दिलं. आठ दिवसांत त्या जागी गळू झालं. चिरायला लागलं. गिरणीतला माणूस, महिनाभर पाळी बुडाली. मी पाया पडायला गेले तर म्हणाले, असू दे गं, शिकतेय अजून पोरगी.

मी कुठं शिकत होते?

बाबासाहेबांचा कोलंबियाचा प्रबंध १९१७ लाच मान्य झाला होता. तो छापून होऊन पीएच.डी. हातात पडली १९२७ ला. लंडनचा अभ्यास १९१७ मध्ये अर्धा टाकून यावं लागलं, डी.एस्सी. झाली १९२३ ला. ह्या तारखा आपण जयंतीला घडाघडा म्हणतो. मधल्या वर्षांत त्या माणसानं काय केलं, तेही एकदा म्हणत जाऊ.

आज कल्याण ते ठाणे गाडीनं जा, स्टेशनाबाहेर पाट्याच पाट्या. सहा महिन्यांत नर्सिंग, वर्षात नर्सिंग, नोकरीची हमी. पोरी फी भरतात, गणवेश शिवतात आणि खुशाल सांगतात, मी नर्सिंगची स्टुडंट. ह्यांचा प्रवेश झालाय, पावती आहे, पण प्रवेश कशात? नोंदणी मिळते ती ए.एन.एम.ची दोन वर्षं, जी.एन.एम.ची तीन किंवा बी.एस्सी.ची चार वर्षं मान्यता असलेल्या ठिकाणी केली तरच. बाकीच्या पोरी पांढऱ्या कपड्यातल्या मावश्या होतात, माझ्यासारख्या. शिष्यवृत्तीचंही तेच. अनुसूचित जातींची मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती १९४४ पासून आहे, बाबासाहेबांच्या प्रयत्नानं आलेली. धम्म घेतल्यावर आपल्याला महाराष्ट्रात सवलती १९६० साली मिळाल्या, केंद्रात १९९० साली. इतक्या वर्षांच्या भांडणानं मिळवलेली ती शिष्यवृत्ती बिनमान्यतेच्या पावतीवर मिळत नाही. आणि राखीव जागेवर नाव लागूनही जातपडताळणीचा कागद वेळेत नसल्यानं प्रवेश गेलेल्या पोरी मी पाहिल्या आहेत. बारावीला असतानाच तो अर्ज टाकायचा असतो. मंडळात हे सांगायला कुणी बसत नाही, हार आणायला दहा जण धावतात.

गेल्या जयंतीला पोरं माझ्याकडं आली. वस्तीतल्या तीन मुली नर्सिंगला बसणार होत्या, त्यांचा सत्कार ठेवला होता. फ्लेक्सवर लिहायचा मजकूर दाखवला : 'भावी नव्हे, आजच्या नर्सिंग विद्यार्थिनी'. मी पेन घेतलं, ते खोडलं आणि लिहिलं : 'नर्सिंग प्रवेशासाठी अर्ज करणाऱ्या विद्यार्थिनी. पडताळणी, फॉर्म व फीसाठी मदत हवी.' खाली मंडळाचा फोन नंबर.

पोरगा म्हणाला, मावशी, एवढं बसत नाही. कार्यकर्त्यांचे फोटो लहान करावे लागतील.

म्हटलं, कर लहान.