आंबोलीची शांतता आणि मुरगावची रेल्वे

मार्चमधल्या एका बुधवारी रजा टाकून आंबोलीला जाऊन आलो. आंबोली म्हटले की गोव्यातल्या माणसाला जुलै-ऑगस्टमधला रविवार आठवतो. घाटात लागलेली गाड्यांची रांग, धबधब्याखाली नाचणारी पोरे, कांदाभजी आणि भाजलेली कणसे. पावसात एकदा गेलो होतो, तेव्हा पुन्हा यायचे नाही असे ठरवूनच परतलो होतो.

या वेळी बांदा, सावंतवाडी, दाणोली करत घाट चढलो तर वाटेत मोजून चार गाड्या भेटल्या. धबधब्याच्या जागी काळा कोरडा कडा. वर अंजनीची झाडे निळ्या-जांभळ्या फुलांनी लगडलेली. हॉटेलवाला दारात वर्तमानपत्र वाचत बसला होता. मी चहा मागितला तेव्हा तो म्हणाला, "आता कोण येतां हंय? पावसात येवा." मी म्हटले, "म्हणूनच आता आलंय."

आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच. महाबळेश्वर-माथेरानसारखा तिचा बोलबाला कधीच झाला नाही. सावंतवाडी संस्थानचा कारभार १८३८ पासून इंग्रजांच्या हाती होता. त्यांच्या कर्नल वेस्ट्रॉप या पोलिटिकल एजंटाने आंबोलीला थंड हवेचे ठिकाण म्हणून पुढे आणले असे सांगतात. पण आंबोलीचे महत्त्व हवेपेक्षा रस्त्यामुळे होते.

वेंगुर्ले बंदर १८१२ साली सावंतांकडून इंग्रजांकडे गेले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, बेळगाव त्यांच्या हाती आले आणि तिथे मोठी छावणी झाली. छावणीला लागणारे सामान जहाजाने वेंगुर्ल्याला उतरायचे आणि बैलगाड्यांनी घाटावर जायचे. सुरुवातीला ही वाहतूक दक्षिणेकडच्या रामघाटाने होई. तो चढ फार कठीण. पुढे पारपोली गावावरून आंबोलीचा घाटरस्ता झाला आणि गाड्या इकडे वळल्या. वर मीठ, नारळ, सुकी मासळी. खाली कापूस, गूळ, धान्य. घाट चढून आलेले बैल दमलेले असणार, त्यांना सोडायला, पाणी पाजायला जागा हवी. आंबोली हा असा मुक्काम होता.

मग ही वर्दळ गेली कुठे? याचे उत्तर आपल्याच घरात आहे. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात करार झाला. त्यात मुरगाव बंदर आणि तिथून घाटावर जाणारी रेल्वे ठरली. त्याच कराराने गोव्याच्या मिठागरांचे आणि दारू गाळणाऱ्यांचे काय झाले, तो वेगळा विषय आहे, त्यावर कधीतरी लिहीन. १८८८ मध्ये मुरगावची गाडी दूधसागरावरून कॅसलरॉकला जाऊन ब्रिटिश हद्दीतल्या रेल्वेला मिळाली. पुढे लोंढ्यावरून बेळगाव, धारवाड, हुबळी. जो कापूस बैलगाडीत दिवसेंदिवस घाट उतरत असे, तो आता डब्यात बसून थेट बंदरावर येऊ लागला. वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला आणि त्याबरोबर आंबोलीचाही मुक्काम सुटला.

म्हणजे ज्या शांततेचे आपण कौतुक करतो ती नुसती निसर्गाची देणगी नव्हे. गाडीवान, हमाल, वाटेवर दुकान मांडून बसलेले वाणी, अशा कितीतरी जणांचे पोट त्या वर्दळीवर होते. आपल्या इतिहासात मुरगावच्या रेल्वेविषयी वाचताना गोव्याचा नफा-तोटा मांडलेला असतो. सीमेपलीकडच्या या घाटाचे काय झाले, हे मी तरी कुठे विचारले होते?

दुपारी हिरण्यकेशीला गेलो. गुहेतून पाणी येते, कुंडात पडते, समोर मी एकटा. समुद्र इथून पश्चिमेला इतका जवळ, पण ही नदी त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते. आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला मिळते, मग कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जाते. याच कुंडात सापडलेल्या माशाची 'शिस्टुरा हिरण्यकेशी' ही नवी जात २०२० साली जगापुढे आली आणि २०२१ मध्ये ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. बोटाएवढा मासा, पण त्याच्यामुळे कुंडाला कायद्याचे संरक्षण मिळाले.

परतताना घाटात एका वळणावर गाडी थांबवली. कठड्याखाली दरीत प्लास्टिकच्या पिशव्या आणि बाटल्यांचा खच पडला होता. गेल्या पावसाळ्यातला असावा. काही बाटल्यांवरची लेबले अजून वाचता येत होती. ती गोव्याची होती.

हाताला लागल्या तेवढ्या बाटल्या पोत्यात भरून डिकीत टाकल्या. सात झाल्या. बाकीच्या दरीतच आहेत.