ताम्रपट ते हार्ड ड्राइव्ह : घरातले कागद कसे टिकतील?

आपल्या वाशीमचे जुने नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी होती. १९३९ साली इथे एक ताम्रपट उजेडात आला. विंध्यशक्ती (दुसरा) या राजाने कारकिर्दीच्या ३७व्या वर्षी एक गाव दान दिले, त्याची ही सनद. काळ साधारण चौथ्या शतकाचा उत्तरार्ध. वंशावळीचा भाग संस्कृतात आहे आणि व्यवहाराचा भाग प्राकृतात. अशा दानाची नोंद दरबारी दप्तरातही होत असणार. ते दप्तर आज नाही. ज्याला दान मिळाले त्याच्या हाती दिलेली तांब्याची प्रत मात्र राहिली.

या ताम्रपटाने आणखी एक काम केले. अजिंठ्याच्या १६व्या लेण्यात वाकाटकांचा शिलालेख आहे, पण तो झिजलेला. त्यातली वंशावळ आधीच्या अभ्यासकांना नीट लागत नव्हती. वाशीमच्या ताम्रपटामुळे सर्वसेनापासूनची ही शाखा स्पष्ट झाली. मग महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी अजिंठ्याचा लेख नव्याने वाचला. एका ठिकाणची नोंद झिजली आणि दुसऱ्या ठिकाणच्या नोंदीने ती भरून निघाली. घरातले कागद जपण्याचा विचार करताना मला हेच उदाहरण सर्वात जवळचे वाटते.

उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्यामुळे अनेक पालक जुने कागद वाचून घ्यायला येतात. आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल, उर्दूतला निकाहनामा, फेरफार, एखाद्या कब्रस्तानच्या जागेचा कागद. हे कागद म्हणजे नुसत्या आठवणी नाहीत. मोमीन, बागवान, अत्तार, पिंजारी अशा ओबीसी घरांतल्या मुलांना जात पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो मिळाला नाही तर प्रवेश अडतो. त्यात वाशीमचा इतिहास असा की, १९०५ साली हा जिल्हा मोडून अकोल्यात गेला आणि १ जुलै १९९८ रोजी पुन्हा स्वतंत्र झाला. त्यामुळे जुनी नोंद शोधायला अकोल्याच्याही चकरा होतात.

मग पालक विचारतात, “सर, हे सगळे स्कॅन करून ठेवायचे आहे. कोणत्या कंपनीची हार्ड ड्राइव्ह घ्यावी? कोणती खराब होत नाही?”

याचे उत्तर हार्ड ड्राइव्हच्या इतिहासातच आहे. पहिली हार्ड डिस्क आयबीएमने १९५६ साली बाजारात आणली. तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन सुमारे एक टन, आणि मावायचे साधारण ५० लाख अक्षरे, म्हणजे आजच्या मोबाइलमधले एक-दोन फोटो. १९८० साली सीगेटने तेवढीच माहिती साठवणारी, टेबलावरच्या संगणकात बसणारी ड्राइव्ह काढली. पुढे अनेक कंपन्या या धंद्यात आल्या, पण टिकल्या थोड्याच. २०११ साली सॅमसंगचा हार्ड ड्राइव्हचा व्यवसाय सीगेटने घेतला, तर २०१२ साली हिताचीचा वेस्टर्न डिजिटलने. आज फिरत्या तबकडीची ड्राइव्ह बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच आहेत : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. वरच्या डब्यावर नाव कोणाचेही असो, आतली ड्राइव्ह बहुधा या तिघांपैकी एकीची असते.

यांपैकी न बिघडणारी कोणती? तशी एकही नाही. २००७ साली अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी सुमारे एक लाख ड्राइव्हच्या नोंदी तपासल्या. कंपन्यांच्या कागदावरचा हिशेब सांगत होता की वर्षाला शंभरात एकसुद्धा बदलावी लागू नये. प्रत्यक्षात शंभरात दोन ते चार बदलाव्या लागत होत्या, काही ठिकाणी तर तेरापर्यंत. बॅकब्लेझ ही कंपनी आपल्या हजारो ड्राइव्हचे आकडे गेली कित्येक वर्षे जाहीर करते. तिथेही वर्षाला शंभरात साधारण एक-दोन बंद पडतात. म्हणजे चांगल्या कंपनीची ड्राइव्ह बहुतेकदा चालते, पण तुमच्या घरची त्या एक-दोनांत नसेल, असे कोणीही लिहून देत नाही. वॉरंटीत ड्राइव्ह बदलून मिळते, आजोबांचा दाखला मिळत नाही.

म्हणून माझा सल्ला असा. ४ टीबीची एक महागडी ड्राइव्ह घेण्यापेक्षा १ टीबीच्या दोन घ्या. शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांच्या घ्या, म्हणजे एकाच खेपेतला दोष दोन्हींत येणार नाही. घरातले कागद आणि फोटो एवढ्यात सहज मावतात. पक्के बिल घ्या. अगदी किरकोळ पैशात १६ टीबी देणाऱ्या जाहिरातींच्या नादी लागू नका. अशा डब्यात बऱ्याचदा छोटे कार्ड असते आणि संगणकाला खोटा आकडा दाखवलेला असतो. भरत गेलात की जुन्या फाइलींवर नव्या चढतात आणि ते कळते फार उशिरा.

एसएसडी घ्यावी का? तिच्यात फिरणारा भाग नसतो, त्यामुळे हातातून पडली तरी सहसा तगते. रोजच्या ने-आणीला ती उत्तम. पण तिच्यात माहिती विद्युतभाराच्या रूपाने राहते, आणि वर्षानुवर्षे वीज न देता कपाटात ठेवली तर तो भार हळूहळू उतरू शकतो. ठेवणीतल्या प्रतीसाठी तबकडीची ड्राइव्ह स्वस्त आणि पुरेशी आहे.

आपल्या हवेचाही विचार करा. अनेक पोर्टेबल ड्राइव्हच्या माहितीपत्रकात चालवण्याचे तापमान ३५ अंशांपर्यंत लिहिलेले असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो. तेव्हा उन्हाळ्यात मोठी कॉपी सकाळी लवकर करा. चालू ड्राइव्ह हलवू नका. वीज कधीही जाते, म्हणून शक्यतो लॅपटॉपला जोडा, आणि ‘इजेक्ट’ केल्याशिवाय वायर ओढू नका.

दोन्ही ड्राइव्ह एकाच कपाटात ठेवल्या तर दोन घेऊन उपयोग नाही. जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला आणि दुर्मीळ ग्रंथ-हस्तलिखितांचे नुकसान झाले. ज्याची दुसरी प्रत दुसऱ्या गावी नव्हती, ते परत आणायचे कुठून? तेव्हा एक ड्राइव्ह आपल्या घरी आणि दुसरी रिसोडला किंवा कारंज्याला बहिणीकडे, मामूंकडे ठेवा. महत्त्वाच्या पाच-दहा कागदांची तिसरी प्रत ऑनलाइनही असू द्या. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम हाच : तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर.

आता लिपीची गोष्ट. वाशीमचा ताम्रपट टिकला, पण तो वाचायला जुनी लिपी जाणणारे विद्वान लागले. मोडी कागदांचे आज तेच होते आहे. संगणकातही असेच घडते. उर्दूतले कितीतरी लेखन जुन्या इनपेजच्या फाइलींत पडून आहे, आणि मराठीतले श्रीलिपी किंवा कृतीदेवच्या फाँटमध्ये. तो प्रोग्राम किंवा फाँट नसला की फाइल उघडत नाही, किंवा उघडली तरी अक्षरे भलतीच दिसतात. म्हणून अशा लेखनाची युनिकोड आणि पीडीएफ प्रत आताच करा. स्कॅन ३०० डीपीआयला करा. फाइलला ‘स्कॅन ००१’ असे नाव न देता वर्ष, व्यक्ती, गाव आणि कागदाचा प्रकार लिहा. ड्राइव्हला पासवर्ड लावला तर तो घरातल्या आणखी एकाला माहीत असू द्या.

एक खुलासा. स्कॅन म्हणजे मूळ कागद नव्हे. पडताळणी समितीपुढे मूळ किंवा प्रमाणित नक्कलच लागते. पण मूळ कागद हरवला तर स्कॅनवरचा रजिस्टर क्रमांक आणि तारीख पाहून नक्कल काढता येते. हा आधार नसेल तर कोणत्या वर्षाचे दप्तर उघडायचे, इथूनच सुरुवात करावी लागते. म्हणून मूळ कागद प्लास्टिकमध्ये लॅमिनेट न करता कोरड्या जागी जपून ठेवा.

वर्षातून एकदा, शाळांना सुट्ट्या लागल्या की, दोन्ही ड्राइव्ह जोडून चार फाइली उघडून पाहा. चार-पाच वर्षांनी सगळे नव्या ड्राइव्हवर उतरवा. आणि हे काम घरातल्या मुलांना शेजारी बसवून करा. पणजोबांचे नाव कोणत्या कागदावर, कोणत्या लिपीत आहे, हे त्यांना माहीत असले पाहिजे. उद्या तो कागद त्यांनाच लागणार आहे.