रविवारचे पाणी

आमच्या घरी ‘सहल’ हा शब्द फार उशिरा आला. तो शाळेतला शब्द होता. घरात आम्ही ‘सैर’ म्हणायचो. पण शब्द कुठलाही वापरा, त्याला एक सुट्टीचा दिवस लागतो. गिरणगावातल्या माणसाला हा दिवस कसा मिळाला, ते मला कॉलेजात गेल्यावर कळले. तोपर्यंत रविवार हा पावसासारखा आपोआप येतो, असेच मला वाटत असे.

मुंबईच्या कापड गिरण्यांत एके काळी साप्ताहिक सुट्टी नव्हती. सणावाराला आणि यंत्रांची सफाई असेल तेव्हा काय मिळेल ती उसंत. नारायण मेघाजी लोखंडे हे ‘दीनबंधू’चे संपादक, महात्मा फुले यांचे सत्यशोधक सहकारी. स्वतः गिरणीत नोकरी केलेली असल्यामुळे त्यांना हे जगणे आतून ठाऊक होते. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या, साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. त्यात रविवारच्या सुट्टीची मागणी होती. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर हजारो कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली आणि पुढच्याच वर्षीच्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टीवर शिक्कामोर्तब झाले.

माझे वडील साळखात्यात साचे चालवत. आम्ही मूळचे सातारा जिल्ह्यातले. घरात दखनी, गॅलरीत मराठी. डिलाईल रोडच्या चाळीत एका खोलीत आम्ही सातजण. लोखंड्यांनी मिळवलेल्या रविवारातले दोन-तीन रविवार अब्बा दरवर्षी आमच्यासाठी राखून ठेवत. पगार आणि गावची मनीऑर्डर यांचा मेळ बसला की शनिवारी रात्री विचारत, “उद्या पाण्यावर जायचं?” कुठल्या पाण्यावर, ते ठरायला वेळ लागत नसे. पावसाळा सरताना विहार तलाव, उन्हाळ्यात जुहू.

विहारला जायचे म्हणजे लोअर परळहून अंधेरीपर्यंत लोकल आणि पुढे बेस्टची बस. सोबत शेजारच्या काका-काकूंचे कुटुंब असे. अम्मांच्या डब्यात बाजरीची भाकरी, सुके मटण आणि उकडलेली अंडी. काकूंच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. डबे उघडेपर्यंत कुणाचा कुठला ते ठरलेले, उघडल्यावर नाही. आम्हा मुलांना पाण्याच्या फार जवळ जायची परवानगी नव्हती. झाडाखाली सतरंजी अंथरून ते भलेमोठे, गप्प पाणी बघत बसायचे, एवढीच मौज.

अम्मांनी ते पाणी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्या बराच वेळ काही बोललाच नाहीत. मग म्हणाल्या, “इत्ता पानी! फिर नल कू कायकू नै आता?” आमच्या चाळीत पहाटे चारला नळ येई आणि साडेपाचला जाई. तेवढ्या वेळात हंडे, बादल्या, पिंप भरायचे. रोज पहाटे पाण्यासाठी झोप मोडणाऱ्या बाईने विचारलेला तो अगदी सरळ प्रश्न होता. अब्बा नुसते हसले.

त्या प्रश्नाचा इतिहास मी पुढे वाचला. विहिरी आणि तळ्यांवर जगणाऱ्या मुंबईत १८५४ साली पाण्याचे दुर्भिक्ष झाले. बाहेरून पाणी आणल्याखेरीज शहर टिकणार नाही, हे तेव्हा सरकारला पटले. हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरच्या योजनेनुसार साष्टीच्या डोंगरात मिठी नदीचे पाणी अडवण्यात आले. १८५६ मध्ये काम सुरू झाले, १८६० मध्ये विहार तलाव तयार झाला आणि मुंबईत नळाचे पाणी आले. ते पुरेना म्हणून १८७९ मध्ये तुळशी, मग पवई, आणि १८९२ मध्ये दूरची तानसा. पवईचे पाणी पिण्यायोग्य ठरले नाही. नळ येण्यापूर्वी शहर जिथे होते तिथून ते कितीतरी पटींनी वाढत गेले आणि पाणी त्याच्या मागून धावत राहिले. अम्मांच्या चार वाजताच्या नळाचे उत्तर या धावपळीत आहे.

काका महाडकडचे. ते गिरणीत रिंगखात्यात होते. विहारच्या काठावर एकदा त्यांनी आपल्या मुलाला ओंजळीने पाणी उडवताना पाहिले आणि म्हणाले, “आमच्या बापाला एवढ्यासाठी महाडात मोर्चात जावं लागलं.” आम्हा पोरांना काही उमगले नाही. चवदार तळ्याची गोष्ट त्यांनी त्या दिवशी सतरंजीवर बसून सांगितली. बोले यांच्या ठरावाने १९२३ मध्ये मुंबई प्रांतातले सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले. पुढे महाड नगरपालिकेनेही ठराव केला. पण कागदावरचा ठराव तळ्यापर्यंत पोचेना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह चालत तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. त्यानंतर लोकांना मार बसला, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, खटला चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल १९३७ मध्ये लागला. ओंजळभर पाण्यासाठी दहा वर्षे!

गिरणीतही हीच रेघ ओढलेली होती. साळखात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाचा उष्टा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून अस्पृश्य कामगारांना त्या जास्त पगाराच्या खात्यात शिरकाव नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न मांडला. अब्बा साळखात्यात आणि काका रिंगखात्यात, यामागे ही जुनी वाट होती. दोघांनाही ती ठाऊक होती. रविवारी मात्र दोघे एकाच तांब्याने पाणी पीत.

जुहूचे दिवस वेगळे. तिथे गप्प बसायचे नसे. भेळ, बर्फाचा गोळा, घोडागाडी, माकडवाला. खिशातले पैसे संपले की वाळू फुकट! १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन विमानाने जुहूला उतरले, हे ज्ञान मला तेव्हा नव्हते. १९२४ मध्ये शस्त्रक्रियेनंतर महात्मा गांधी विश्रांतीसाठी याच किनाऱ्यावर राहिले होते, हेही नव्हते. जुहूचे आम्हाला अप्रूप होते ते निराळ्याच कारणाने. तिथे कुणी तिकीट मागत नसे आणि ‘कुठून आलात’ असे विचारत नसे. याच शहरातला ब्रीच कँडीचा पोहण्याचा तलाव स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षे युरोपियनांपुरता राखीव होता, हे लक्षात घेतले म्हणजे या मोकळ्या वाळूची किंमत कळते.

समुद्रावर जायचे तर भरती-ओहोटी माहीत हवी. हाजी अलीच्या दर्ग्याची वाट तर भरतीत पाण्याखालीच जाते. कोकणातले लोक तिथीला पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे साधारण सहाला भरती आणि दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा एकपासून. काकांनी हा हिशेब अब्बांना शिकवला. अब्बांकडे पंचांग नव्हते. ते चाँदची तारीख घेत आणि तिच्यात एक मिळवत. पौर्णिमा म्हणजे आमच्याकडची चौदावी रात्र, म्हणून एकाचा फरक. उत्तर बहुधा जुळे. चंद्र एकच, मोजायची सुरुवात तेवढी वेगळी.

अम्मांची स्वतःची एक सैर होती. सफर महिन्याचा शेवटचा बुधवार, आखरी चहार शंबा. पैगंबरांना त्या दिवशी आजारात थोडा आराम पडला, अशी श्रद्धा. त्या दिवशी आंघोळ करून बागेत जायचे, हिरवळीवर अनवाणी चालायचे, असा रिवाज. बुधवारी गिरणीला सुट्टी नसल्यामुळे बायका मुलांना घेऊन भायखळ्याच्या राणीच्या बागेत जात. ही बाग १८६२ मध्ये खुली झाली. १८९३ च्या दंगलीनंतर हिंदू-मुसलमान कामगारांच्या एकोप्यासाठी लोखंड्यांनी सभा घेतली, ती याच बागेत. आमच्या आयांना ते ठाऊक नव्हते. त्या आपल्या गवतावर चालत होत्या.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. साठाहून अधिक गिरण्या आणि सुमारे अडीच लाख कामगार. मी तेव्हा बारा वर्षांचा. पहिले काही आठवडे आम्हा मुलांना मजाच वाटली, कारण अब्बा रोज घरी. मग भांडी विकली गेली. काकांचे कुटुंब गावी गेले ते परतले नाही. संप मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही. अब्बांनी आधी भाजीची हातगाडी लावली, पुढे रात्रपाळीचे वॉचमन झाले. हातगाडीला रविवार नसतो. उलट रविवारीच धंदा जास्त. नव्वद वर्षांपूर्वी मिळालेली सुट्टी आमच्या घरातून गेली, आणि ती गेल्याची नोंद कुठेही झाली नाही. त्यानंतर आम्ही सगळे मिळून पाण्यावर कधी गेलो नाही.

पुढे आम्ही कुर्ल्यात राहायला गेलो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. विहार आणि पवईचे ओसंडलेले पाणी मिठीतच येते. बुजवलेल्या, आवळलेल्या नदीने ते घराघरांत नेले. आमच्या खोलीत ते कमरेपर्यंत चढले.

विहार आणि तुळशी आज सर्वसामान्यांच्या सहलीसाठी खुले नाहीत. पिण्याच्या पाण्याची सुरक्षितता आणि जंगलाचे रक्षण, ही कारणे समजण्यासारखी आहेत. गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर उभे आहेत. डिलाईल रोडच्या आसपास आज दारोदार खाण्याचे डबे पोचवणारी मुले दिसतात. रविवारी तर ती जास्तच दिसतात. त्यांच्यातल्या काहींचे आजोबा अब्बांच्याच पाळीत असतील.

जुहूची वाळू मात्र अजून फुकट आहे. ती तशीच राहील, असे गृहीत धरू नये, एवढेच मला आजच्या रविवारी सांगायचे आहे. सुट्टीसाठी साडेपाच हजारांनी सह्या केल्या होत्या, तळ्यासाठी हजारो लोक चालत गेले होते. आपल्या मुलांना पाणी दाखवायला न्याल तेव्हा भेळ जरूर खाऊ घाला, आणि काकांनी आम्हाला सांगितली तशी ही गोष्टही सांगा.